बोर्डासमोरची जागा

१

शलमोन भिंगारदिवे सकाळच्या कोवळ्या उन्हात गेले, अंघोळीचं पाणी तापलं का ते बघायला बादलीत हात घालून. बादलीत विजेचा रॉड होता आणि तो चालू होता. आमच्या तिसगावात थंडीत घरोघरी असाच रॉड लावतात आणि घरोघरी लोक असंच बोट बुडवून बघतात. मी नर्स होते तेव्हापासून ओरडतेय, पण ऐकतंय कोण!

मी फिलोमिना. निवृत्त झाले तरी लोक रक्तदाब मोजायला माझ्याच ओट्यावर येतात, आणि लहानथोर सगळे मला मावशी म्हणतात. मी कॅथलिक, भिंगारदिवे प्रोटेस्टंट, पण शलमोनची बायको एस्तेर माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिची फुप्फुसं कामातून गेलीत. ऑक्सिजनचं मशीन घरातच बसवलंय आणि नाकातली नळी दिवसरात्र काढता येत नाही. ते मशीन बघायला मी दर आठवड्याला जायचे. नेमकी त्या दिवसांत मी भाचीकडं भंडारदऱ्याला गेले होते. आदल्या संध्याकाळी परतले आणि सकाळी चहाचा कप तोंडाला लावला तोच भिंगारदिव्यांच्या शेजारची भीमाबाई धापा टाकत आली.

मी पोचले तेव्हा शलमोनला चटईवर निजवलं होतं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी डोळे मिटवले, हात छातीवर ठेवले. उजव्या हातावर बोटांपासून थेट काखेपर्यंत बारीक पुरळ होतं आणि खाजवल्याच्या लाल रेघा. थंडीनं कातडी फुटली असेल असं वाटून मी बाही खाली ओढली.

मग मी बाहेरच्या खोलीतला विजेचा बोर्ड बघायला गेले, कारण माझ्या मनात एकच प्रश्न होता. घरात धडधाकट सून असताना मेन स्विच कोणी बंद का केला नाही? बोर्ड मला दिसेचना. तो भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर, कुण्या वायरमननं स्वतःच्या सोयीनं ठोकलेला. त्याच्या पुढ्यात धान्याची पत्र्याची कोठी उभी होती, छातीला लागेल एवढी, भिंतीला चिकटून. कडेनं हात घालून बघितला, बोटं आत शिरली आणि तळहात अडकला. बोर्डावरचा प्लग, फ्यूज, मेन स्विच, सगळं त्या पत्र्यामागं.

धाकटी सून सविता तिथंच जमिनीवर बसली होती. तिचा खांदा ढकलून ढकलून काळानिळा पडला होता. कोठी हलली नाही तेव्हा ती परत मोरीत धावली आणि कपडे धुवायच्या लाकडी धोपटण्यानं तिनं बादली उलथवली, पण तोवर उशीर झाला होता. मी जवळ बसले तशी ती पुटपुटली.

"मावशी, ही रिकामी कोठी हुती ना? रिकामी समजून ढकलली मी. मग ती हलली का न्हाई?"

२

घरात कोठ्या दोन. एकाच वेळी घेतलेल्या, एकसारख्या. एक अर्ध्याहून जास्त ज्वारीनं भरलेली, दुसरी नवीन बाजरीसाठी रिकामी ठेवलेली. दोन्ही समोरच्या कोपऱ्यात असायच्या. पोलीस आले, पंचनामा झाला, चार-पाच गड्यांनी दम लावून बोर्डापुढची कोठी बाजूला सारली. ती भरलेलीच निघाली. अपघात म्हणून नोंद झाली आणि माती झाली.

थोरला मुलगा अँड्र्यू पुण्याहून आला. कंपनीत साहेब आहे, इस्त्रीचा शर्ट, मोजून बोलणं. मातीवरून परतल्यावर त्यानं ती कोठी बघितली, बोर्ड बघितला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की हा अपघात नाही, कोठी कोणीतरी मुद्दाम लावलीय. आणि मान वळवून सविताकडं बघितलं.

त्याला कारणही होतं. शलमोननी सगळी उमर मिशनच्या बोर्डिंगात रेक्टर म्हणून काढली. तिथला नियम असा की इमारत सोडताना मेन स्विच बंद करायचा, मगच कुलूप. म्हातारपणी डोकं विसरायला लागलं, नातवंडांची नावं गेली, आजचा वार कुठला ते गेलं, पण हात नियम विसरला नाही. ओट्यावर जाऊन बसायचं झालं तरी जाता जाता मेन खाली. नाताळच्या आधी असाच त्यांनी मेन बंद केला आणि चर्चला निघून गेले. आत एस्तेरचं मशीन थांबलं. सविता बाजारातल्या तिच्या शिलाईच्या दुकानातून सहज घरी आली म्हणून बरं, एस्तेरचे ओठ निळे पडले होते. त्या दिवशी सविता सासऱ्यांवर अशी ओरडली की अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आता बघतेच, कसा हात लावता त्या बोर्डाला, असं ती म्हणाली होती. म्हातारा भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला होता. मीच त्याला पाणी पाजलं होतं.

आता ते वाक्य अँड्र्यूच्या हातात सापडलं. सविता पाथर्डीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, रॉबिनशी तिनं घरच्यांच्या विरोधात लग्न केलेलं, आणि अँड्र्यूला ती कधीच पटली नव्हती. त्याचं म्हणणं असं की तिनं सासऱ्यांना अद्दल घडवायला भावाला हाताशी धरून कोठी लावली आणि त्यात माणूस मेला. रविवारी स्मरणप्रार्थना होती. ती झाली की तो तक्रार द्यायला जाणार होता, आणि तोवर सवितानं हे घर सोडावं असं त्यानं सांगूनही टाकलं.

तिचा नवरा रॉबिन तिथंच उभा होता, तोंडात गुळणी धरून. मला अशी चीड आली म्हणता!

सविता मला परसात गाठून म्हणाली, "मावशी, मी त्यांच्यावर वरडले हे खरं हाय. पन कोठीला मी हात लावला न्हाई. तुमी तरी शोधा. न्हाईतर जल्मभर ह्या घरात मला खुनी म्हनतील."

मी पोलीस नाही की वकील नाही. पण त्या पोरीनं एस्तेरचं हगणंमुतणं काढलंय, ते मी बघितलंय. मी शोधायचं ठरवलं.

३

पहिलं धरलं रॉबिनला. तो साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. गळीत हंगाम ऐन भरात, त्यामुळं तिकडंच झोपायचा, आणि बापाच्या मृत्यूच्या आदल्या संध्याकाळीच घरी आला होता. कोठी बोर्डापुढं दिसली का, विचारलं तर हो म्हणाला. मग बाजूला का केली नाहीस? तो नखं कुरतडायला लागला. मी आवाज चढवला तेव्हा तोंड उघडलं. त्याला वाटलं सवितानंच भावाकडून लावून घेतली असेल. आणि बरंच झालं, आता बाबांना मेन बंद करता येणार नाही, असं वाटून तो गप्प जेवून झोपला.

"आणि आता भाऊ तिच्यावर आळ घेतोय तर तोंड का शिवलंय?" मी म्हणाले.

"मला पन तसंच वाटतंय ना, मावशी," तो म्हणाला आणि रडायला लागला.

सविता त्या आठवड्यात घरी नव्हतीच. तिची आई आजारी पडली म्हणून भाऊ बिभीषण येऊन तिला घेऊन गेला होता. जाताना तिनं सासऱ्यांना हात जोडून सांगितलं होतं, बाबा, दुपारचं घरात कुनी न्हाई, आईंचं मशीन चालू ऱ्हाऊ द्या, बोर्डाकडं जाऊ नका. रॉबिन आला त्याच संध्याकाळी ती परतली. कोठी तिनंही बघितली आणि तिला वाटलं नवऱ्यानं रिकामी कोठी आडवी लावली, चांगलं डोकं चालवलं. थकून आलेली, तीही बोलली नाही. एका छपराखाली दोघं, दोघांना एकच गोष्ट बरी वाटली, आणि एकमेकांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. अंघोळीच्या रॉडची लांब वायर त्या कोठीमागच्या प्लगमधूनच मोरीपर्यंत आलेली, टोकाला रॉड खोचायचं बिनबटणाचं सॉकेट, तेही बादलीमागं; हेही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बिभीषण अंगानं पैलवान, स्वभावानं गाय. बहिणीला सोडताना टेम्पोत बाजरीची पोती होती, ती त्यानं ओट्यावरच उतरवली आणि चहासुद्धा न घेता गेला. अँड्र्यू घरात असताना आत येणं नको वाटतं म्हणून तो कायम ओट्यावरूनच जातो, आणि अँड्र्यू नसला तरी आता सवय झालीय. ओट्यावर पोती तशीच होती. पण एवढ्यानं काय सिद्ध होणार? आत गेला नाही हे बघायला कोणीच नव्हतं.

भीमाबाईनं तो आठवडा म्हाताऱ्या जोडप्याचा स्वयंपाक केला होता. परसदारानं यायची, चूल पेटवायची, वाढायची, जायची. तिला विचारलं तर तिचेच डोळे भरून आले. सविता गेली त्याच दुपारी ह्यांच्या घरची लाईट गेली होती म्हणे, हिच्या घरी मात्र चालू. ती बघायला निघाली तेवढ्यात लाईट आली. आत डोकावली तर शलमोनबाबा एस्तेरच्या उशाशी बसून रडत होते. त्यानंतर रोज दुपारी खोलीतून खसखस आवाज यायचा.

"पेल्यानं कोठीतलं दानं काढत बसायचं वो म्हातारं. मला वाटलं चिमण्यांना टाकत्यात. डोकं ठिकानावर न्हाई, म्हनून मी बी काय बोलले न्हाई," ती म्हणाली.

शेवटी एस्तेर. नळी नाकात, श्वास तोकडा, तिला मी जास्त बोलू दिलं नाही. बोर्ड तिच्या खोलीतून दिसत नाही, तिला कोठीचं काहीच ठाऊक नव्हतं. तिचं दुःख निराळंच होतं. शेवटच्या आठवड्यात शलमोन दुपारचा तिच्याजवळ बसेनासा झाला होता. आधी बायबल वाचून दाखवायचा, ते बंद. रात्री यायचा तो हात खाजवत यायचा आणि ती पडल्या पडल्या त्या हाताला खोबरेल तेल चोळायची. आणि तिचा औषधाचा स्टीलचा पेला, लग्नात मिळालेला, तिचं नाव घातलेला, तोही हरवला होता.

"मशीन बंद केलं तेव्हा मी म्हटलं, चूक झाली. पण फिलो, नंतर तो बसायलाच येईना. मला वाटलं, सगळं विसरला तसा मलाही विसरला," ती म्हणाली.

मी तिचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आले. बाहेर अँड्र्यू कोठीचं झाकण काढून आत वाकला होता, आणि त्याच्या हातात पिवळी पुरचुंडी होती.

४

पुरचुंडी ज्वारीच्या अगदी वर पडलेली होती. जुन्या साडीच्या काठाची गाठ, आत हळकुंड, सुपारी आणि चार तांदळाचे दाणे. अँड्र्यूचा चेहरा पांढराफटक पडला. मोठमोठ्या साहेबांशी बोलणारा माणूस, पण म्हणाला काय, तर ही करणी आहे. बोर्डापुढं कोठी आणि कोठीत करणी.

मी त्याला म्हटलं, बाबा रे, करणी पत्र्याच्या कोठीला ढकलत नसते. पण बाहेर बायका जमल्या होत्या, त्यांच्या कानावर शब्द गेला तो गेलाच. तासाभरात पार नाक्यावरच्या टपरीपर्यंत पोचला असेल.

सविताला विचारलं तर ती शरमेनं मान वर करेना. पुरचुंडी तिचीच होती. तिच्या माहेरी कोठी भरताना तळाला अशी गाठ ठेवतात, घरात बरकत राहावी म्हणून. ख्रिस्ती घरात आवडणार नाही म्हणून तिनं ती गुपचूप ठेवली होती, ज्वारी भरली त्या दिवशी, कोठी रिकामी असताना.

"पन मी तर तळाला ठेवली हुती. वर कडुनिंबाचा पाला पसरला हुता, चांगला जाड. लागंल तशी वरून ज्वारी काढायची आन पाला परत वर पसरायचा. ही वर कशी आली?" ती म्हणाली.

कोठीत पाला नव्हता. वर नुसती ज्वारी आणि ती गाठ. अँड्र्यू हसला, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. खोटं बोलताना माणूस तपशील जास्त सांगतो, असं तो म्हणाला. रविवारी प्रार्थना झाली की तो गाडी काढणार होता. रॉबिननं तेव्हाही जमिनीकडंच बघितलं. सविता उठली आणि आत जाऊन आपली पिशवी भरायला लागली.

५

घरी आले ती भणभणत्या डोक्यानं. डोकं फिरलं की मी स्वयंपाकघर आवरते, जुनी खोड आहे. तांदळाच्या डब्याला गंज चढला होता, म्हटलं तांदूळ दुसऱ्या डब्यात घालू. डबा जड, उचलवेना, वाटीनं काढायला बसले. मी तांदळात वर लसणाच्या चार कुड्या टाकते आणि तळाला सुक्या मिरच्या, पोरकिड्यांसाठी. वाटी वाटी करत डबा संपला, शेवटी कलता करून उरलेलं ओतलं आणि नव्या डब्याचं झाकण लावायला गेले.

मिरच्या वर होत्या.

मग आठवलं ते सगळं एका पाठोपाठ एक आलं. हरवलेला पेला. दुपारची खसखस. ज्वारीची कूस किती खाजते ते ज्यानं कधी खळं केलंय त्याला विचारा. आणि तो उजवा हात, बोटांपासून काखेपर्यंत पुरळ उठलेला, जो मी बाही ओढून झाकला होता. मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यानं रडले. शलमोनसाठी रडले, दुसरं काय.

६

रविवारी प्रार्थना झाली, पाळकसाहेब चहा घेऊन गेले. मी घरच्यांना थांबवलं. अँड्र्यू, रॉबिन, सविता, आणि बिभीषणला तर ओट्यावरून दंडाला धरून आत आणलं. भीमाबाई दारात बसली. एस्तेरची खाट मशीनसकट दाराशी सरकवली, कारण हे तिनं ऐकायलाच हवं होतं.

आधी कोपऱ्यातल्या कोठीपाशी गेले. सगळे तिला रिकामी समजत होते आणि ती रिकामीच होती. पण कोठीला खाली दाणे काढायचं छोटं तोंड असतं, सरकत्या झाकणाचं, ते मी त्यांना दाखवलं. ह्या कोठीचं तोंड शेणमातीनं लिंपलेलं होतं, वाळून टणक झालेलं. हे कुणी लिंपलं, विचारलं. सविता म्हणाली, मीच, ज्वारी भरली तेव्हा, किडा शिरू नये म्हणून. म्हणजे ज्वारीची कोठी ही. ती जागची हललीच नाही. लिंपण शाबूत आहे आणि ज्वारी गायब आहे, तर ज्वारी वरून काढली गेली. मी बिभीषणला कोठी आडवी करायला सांगितली. आतून काहीतरी खणखणत घरंगळत आलं. एस्तेरचा पेला. त्यावर तिचं नाव, काठाला ज्वारीची धूळ.

मी दुसऱ्या कोठीकडं गेले, बोर्डापुढून सारलेल्या. तिच्या खालच्या तोंडाला लिंपण नव्हतं. खाली चादर पसरली आणि अँड्र्यूला म्हटलं, तूच सरकव ते झाकण, तुझ्या हातानं. त्यानं सरकवलं. दाण्यांच्या आधी पाला पडला, वाळलेला कडुनिंबाचा पाला, मूठमूठ, आणि त्यामागून ज्वारी.

"वरचा पाला तळाला आणि तळाची पुरचुंडी वर," मी म्हणाले. "ही सविता खोटं बोलली नाही, अँड्र्यू. कुणी भरलेली कोठी ढकलली नाही. रिकामी कोठी बोर्डापुढं ओढली आणि मग पेल्या पेल्यानं भरली. पैलवान असता तर त्यानं हे केलं असतं का? ज्याच्या अंगात कोठी हलवायची ताकद नव्हती, त्याचं काम आहे हे. आणि दुपारी घरात दोनच माणसं होती. एक खाटेवर."

रॉबिननं डोकं वर केलं. बाबांनी, असं तो पुटपुटला, पण का?

मी एस्तेरकडं बघूनच बोलले. सविता गेली त्या दुपारी शलमोननी कोठी बोर्डापुढं ओढून ठेवली असणार, आपला हात आवरत नाही हे त्याला कळत होतं म्हणून. पण रिकामी कोठी ज्या हातानं ओढली त्याच हातानं सरकवली, आणि मेन बंद झाला. भीमाबाईला फक्त ह्यांचीच लाईट गेलेली दिसली ती तेव्हाच. ती परत चालू करून तो एस्तेरच्या उशाशी बसून रडला. मग त्यानं अशी तजवीज केली की त्याला स्वतःला ती मोडता येऊ नये. रोज दुपारी, हात काखेपर्यंत कोठीत घालून, तो पेले भरत राहिला. तळाशी आल्यावर कोठी कलती केली, उरलेलं काढलं, आणि पेला आतच विसरला.

"एस्तेर, तो तुला विसरला नव्हता," मी म्हणाले. "तुझ्याजवळ बसत नव्हता तो ह्याच कामात होता. त्याला वार आठवत नव्हता, पण हे आठवलं."

एस्तेरनं पेल्यासाठी हात पुढं केला. सवितानं तो पदरानं पुसून तिच्या हातात दिला. एस्तेर म्हणाली की तेल लावताना ती त्याला विचारायची, हाताला झालंय काय एवढं, आणि तो नुसता हसायचा.

७

अँड्र्यू खाली बसला. त्यानं माफी मागितली ती धड मागता येईना. सविता त्याला म्हणाली, दादा, चहा घ्या, गार झाला. एवढंच. मी असते तर चहा डोक्यावर ओतला असता, पण ती मी नाही. रॉबिननं मात्र आत जाऊन तिची भरलेली पिशवी आणली आणि सगळ्यांसमोर एक एक कपडा काढून परत कपाटात ठेवला. उशिरा का होईना, कणा सापडला म्हणायचा.

एक गोष्ट मी तिथंच बोलून घेतली, कारण गोड बोलणं माझ्याच्यानं होत नाही. शलमोननी प्रेमानं केलं आणि त्यातच जीव गेला. बोर्डापुढं काही ठेवायचं नसतं, कोठी नाही, पोतं नाही, कपाट नाही, कितीही चांगल्या हेतूनं ठेवलं तरी. वेळ येते तेव्हा धावत येणाऱ्याला सरळ उभं राहून हात घालता आला पाहिजे. सविताचा हात पोचला असता तर आज प्रार्थना झाली नसती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या संध्याकाळी कोठी बघून रॉबिनही सुखावला होता आणि सविताही.

अँड्र्यू पुण्याला गेला नाही, राहिला. परवान्याचा इलेक्ट्रिशियन आणला. जुना बोर्ड उखडला आणि दाराजवळच्या मोकळ्या कोरड्या भिंतीवर, मोरीपासून लांब, डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर नवा बसवला. झटका बसला की आपोआप बंद पडणारं यंत्र त्यात आहे. एस्तेरच्या मशीनला वेगळी लाईन दिली, आणि मेन कोणी बंद केला तरी ते चालावं म्हणून बॅटरी. हे सगळं आधी करता आलं असतं, हे अँड्र्यूच मला म्हणाला. त्याचं त्याला कळलं होतं.

कोठ्या परत कोपऱ्यात गेल्या. सविता ज्वारी भरायला बसली तेव्हा पुरचुंडी हातात घेऊन घुटमळली. एस्तेर खाटेवरून म्हणाली, तळाला ठेव ती, जिथं होती तिथं. सवितानं ठेवली. मग तिनं लाल रंग आणून नव्या बोर्डाखालच्या फरशीवर चौकोन आखला, एक माणूस हात पसरून उभा राहील एवढा.

परवा ईस्टरला त्यांच्याकडं जेवायला माणसं होती. बिभीषणही होता, आत, ओट्यावर नाही. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा कोणा पाहुण्यानं आतून स्टूल आणलं आणि मोकळी जागा दिसली तिथं, त्या लाल चौकोनात ठेवलं. आम्ही कोणी काही म्हणायच्या आत आतल्या खोलीतून एस्तेरचा आवाज आला. एवढा मोठा आवाज तिच्यात उरलाय हे मला ठाऊक नव्हतं.

"तिथं काही ठेवू नका. ती ह्यांची जागा आहे."

पाहुण्यानं स्टूल उचललं. सवितानं त्याच्यासाठी शेजारून खुर्ची आणली आणि आम्ही जेवायला बसलो.